नऊ खुर्च्या, दोन ताटल्या

घुम्या आपणहून बोलला, या धक्क्यातून घर अजून सावरलं नव्हतं.

बोलला तरी काय? तर, "तुम्ही सगळे जा. मी थांबतो. आणि हीपण थांबेल." एवढंच. पण नऊ माणसांच्या टेबलावर, कुणी काही विचारलं नसताना, त्याने ही तीन वाक्यं एकापाठोपाठ एक उच्चारली. धाकट्या भावाचा घास हातात राहिला आणि चारही पोरं एकमेकांकडे बघायला लागली. लहानपणी भावंडांनी ठेवलेलं घुम्या हे नाव त्याने पन्नास वर्षं इमानाने चालवलं होतं, त्यामुळे माणसांना आश्चर्य वाटणारच.

विषय होता वन्संच्या मुलाने घेतलेलं नवं घर बघायला जाण्याचा, सोमवारी जाऊन मंगळवारी सकाळी परत. मंगळवारी अकरा वाजता हॉटेलवाल्या बाई कॉफी पारखायला येणार होत्या, तेव्हा सोमवारी एक ताजा घाणा भाजणं भाग होतं. थोरली, म्हणजे घुम्याची बायको, थांबणार हे तर ठरलेलंच, कारण भट्टीशेजारच्या तिवईवर तिच्याशिवाय कुणी बसत नसे. पण नवराही थांबणार म्हटल्यावर धाकट्या जावेला राहवलं नाही.

"काय भाऊजी, एका घाण्याला दोन-दोन माणसं?"

"कळ कोण ओढणार?" घुम्या म्हणाला. झाली चार वाक्यं.

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, मग थोरलीकडे बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. या घरात त्यांचं "बरं" म्हणजे शिक्कामोर्तब.

त्यामुळे सोमवारी संध्याकाळी, दुकानाचं शटर ओढून थोरली जिना चढायला लागली तेव्हा वरून एकही आवाज येत नव्हता. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दर पायरीवर कुणाचं तरी काही तरी हरवलेलं असायचं, कुणी तरी कुणाचं नाव घेऊन ओरडत असायचं. आज जिन्यावर फक्त तिच्या चपलांचा आवाज होता. तिला वाटलं, मजेत वर जावं, नवऱ्याच्या हातचं जेवावं, हसावं. पण उद्या मंगळवार होता.

पाच महिन्यांपूर्वी, थंडीतल्या तापानंतर, थोरलीचं नाक गेलं होतं.

म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं सरळ, लग्नाच्या वेळी सगळ्यांनी वाखाणलेलं. फक्त त्याला वास येत नव्हता. जिभेला मीठ कळायचं, साखर कळायची, आंबट-कडू कळायचं, बस्स. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी आणि साबण म्हणजे ओला दगड, अशी गत झाली होती. परक्या गल्लीतल्या डॉक्टरने सांगितलं, "येईल, किंवा येणार नाही." तिने फी दिली आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या घरात हे चाललं असतं. पण कॉफी भाजण्यावर तीन पिढ्या जगलेल्या घरात, जिच्या नाकावर भट्टी चालते तिने, कोणत्या तोंडाने सांगावं?

काम असं होतं. दाणे ढोलात पडले की आधी वाळल्या गवताचा वास येतो, मग पावाचा, मग दाणे तडतडतात, आणि त्यानंतर कुठे तरी, मोजून चार-पाच श्वासांच्या फटीत, तो खरा वास येतो. तिवईवर बसलेल्या माणसाने त्या क्षणी डावा हात वर करायचा. कळेपाशी उभ्या माणसाने कळ ओढायची आणि दाणे धाडकन चाळणीत पडायचे. लवकर ओढली तर कॉफी कच्ची, उशिरा ओढली तर करपलेली. तिवईवर आधी आजेसासरे बसत, मग सासूबाई, मग थोरली. पाच महिने ती तडतड ऐकून, मनात आकडे मोजून, दाण्यांच्या रंगाकडे डोळे ताणून हात वर करत होती. गिऱ्हाइकांची एकही तक्रार आली नव्हती, त्यामुळे तिला वाटत होतं, आपलं मोजणं जमलं.

पण उद्या मोजून भागणार नव्हतं. उद्या सात पेले. मोठं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर सात पेले मांडायचे, तिवईवाल्या बाईने डोळे मिटून नुसता वास घ्यायचा आणि कुठला किती भाजलाय, कुठल्यात शिळे दाणे मिसळलेत, ते सांगायचं, ही घराची जुनी रीत. थोरली एकदाही चुकली नव्हती. उद्या ती गिऱ्हाइकासमोर, सासूसमोर, जावेसमोर चुकणार होती.

आज रात्री नवऱ्याला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. काल पण ठरवलं होतं.

*

"आत यायचं नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अहो, निदान हात तरी धुऊ द्या."

"मोरीत धू."

ती हसली. हात धुऊन बाहेरच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. नऊ खुर्च्यांचं ते लांबलचक टेबल, ज्याच्या एका टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, तिची खुर्ची आणि पार दुसऱ्या टोकाला खिडकीशी त्याची. दोघांच्या मध्ये सात माणसं, त्यामुळे सव्वीस वर्षं दोघांनी एकमेकांना मीठ-पाणी दिलं ते सात हातांमधून. आज सात खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. खिडकीशी, टेबलाच्या एकाच कोपऱ्याला धरून, दोन ताटल्या. स्वच्छ पांढरा कपडा अंथरलेला. बाहेर अजून चांगला उजेड होता तरी मेणबत्ती पेटवलेली. आणि मेणबत्तीशेजारी, काचेच्या उंच भांड्यात, निशिगंधाच्या सात-आठ भरगच्च दांड्या.



या घरात फुलं येत नसत. फुलं नाहीत, अत्तर नाही, पावडर नाही, सुगंधी साबण नाही. तिवईवरचं नाक जपायचं म्हणून सासूबाईंनी घातलेला नियम होता तो आणि पोरांनीसुद्धा तो मोडला नव्हता. एकदा धाकटी माहेराहून सुवासिक तेल लावून आली तर सासूबाईंनी तिला जिन्यातूनच परत खाली, नळावर पाठवलं होतं. आणि या माणसाने, परीक्षेच्या आदल्या दिवशी, घरात निशिगंध आणून ठेवला होता! खोली घमघमत असणार. नाक असलेल्या बाईला हे दारात पाऊल टाकताच कळायला हवं होतं, आणि ती इथे येडबंबूसारखी उभी होती.

तो सुपाचं भांडं घेऊन बाहेर आला. कमरेला तिचा एप्रन, गालाला पीठ.

आता गप्प राहिले तर संपलंच, असं तिच्या मनात आलं. तिने पदर नाकाला लावला.

"अहो, काय हे! कसला घमघमाट सुटलाय! डोकं भणभणलं माझं. उद्या सात पेले आहेत, आणि तुम्ही निशिगंध आणून ठेवलात? जरा तरी विचार? उचला ती आधी."

बोलणं जरा जास्तच रंगलं, हे तिचं तिलाही जाणवलं. घुम्या भांडं हातात धरून उभा राहिला. त्याने फुलांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही तरी सरकून गेलं. राग नव्हता. मग त्याने सूप टेबलावर ठेवलं, फुलांचं भांडं उचललं आणि आत घेऊन गेला.

थोरलीला फार वाईट वाटलं. बिचाऱ्याने कधी नव्हे ते फूल आणलं, आणि आपण त्याच्यावर जाळ काढला, तोही खोटा. पण सुटका झाल्याचं बरंही वाटलं, ते कशाला नाकारा?

*

सूप बटाट्याचं होतं आणि खरोखर चांगलं होतं, निदान जिभेला कळत होतं तेवढं.

"कुठे शिकलात?"

"गोदामात. दुपारी."

"दुपारी मला वाटायचं तुम्ही पोती रचताय!"

"रचून झाली की."

"किती दिवस चाललंय हे?"

त्याने मनात हिशेब केला. "आठ सुपं."

ती इतकी हसली की ठसका लागला. त्याने पाणी पुढे केलं, मधे एकही हात नव्हता. मग त्याने आतून कोंबडी आणि लोण्यात परतलेले बटाटे आणले. बटाट्याची एकूण एक फोड सारखी, मापून कापल्यासारखी.

"हे काय, पट्टी लावून कापलेत?"

"लहान-मोठे झाले तर काही करपतात, काही कच्चे राहतात," तो गंभीरपणे म्हणाला. भट्टीवाला माणूस शेवटी, जित्याची खोड.

बाहेर समोरच्या गच्चीत कुणी तरी कपडे काढत होतं. गल्लीत सायकलची घंटी वाजली. मेणबत्ती उजेडात उगाच जळत होती आणि त्याचा गुडघा टेबलाखाली तिच्या गुडघ्याला लागला, तो त्याने काढून घेतला नाही. या वयात आपल्याला लाजायला होतंय, हे बघून तिला स्वतःचीच गंमत वाटली. समोर भिंतीवर सासू-सासऱ्यांचा तरुणपणीचा फोटो होता, याच टेबलाशी काढलेला. सासरे हसताहेत, सासूबाई त्यांच्याकडे बघताहेत, मधे फुलदाणी. रोज पुसून पुसून तिला तो फोटो पाठ झाला होता.

"सकाळी मी ओरडले तुमच्यावर," ती म्हणाली.

"हं."

"कळ ओढायला हल्ली उशीर करता तुम्ही. मी हात वर केला की तुम्ही कसल्या तंद्रीत असता कोण जाणे. परवा धाकटीसमोर बोलले, 'हात आखडला की काय म्हातारपणाने.' ती खो खो हसली. तसं बोलायला नको होतं."

"असू दे."

"असू दे काय? राग येत नाही तुम्हाला?"

त्याने बटाट्याची एक फोड तिच्या ताटलीत ठेवली. "पाव आणतेस? कट्ट्यावर झाकून ठेवलाय."

ती उठली. मनात म्हणाली, पाव आणते, आणि बसल्या बसल्या सांगून टाकते. आता याहून चांगली वेळ कुठली यायची?

स्वयंपाकघरात पाव फडक्याखाली होता. शेजारीच फुलांचं भांडं ठेवलेलं. तिने पाव उचलला आणि सहज म्हणून फुलांकडे बघितलं. मघाशी ओरडल्याबद्दल त्यांची माफी मागावी, असलं काही तरी तिच्या डोक्यात होतं. तेव्हा तिला दिसलं की भांड्यात पाणी नव्हतं.

विसरला असेल, असं वाटून ती भांडं नळाखाली धरायला गेली. दांडीला हात लागला. दांडी तारेची होती. वर हिरवा कागद घट्ट गुंडाळलेला. फूल चिमटीत धरलं तर कापड, पांढरं, मऊ, सुरेख कापलेलं कापड.

नळ तसाच सुरू राहिला.

निशिगंध खोटा होता. त्याला कसलाही वास नव्हता. नियम मोडू नये म्हणून या माणसाने कुठून तरी शोधून कापडाची फुलं आणली होती, आणि ती दारात उभी राहून, पदर नाकाला लावून म्हणाली होती, कसला घमघमाट सुटलाय.

तिला आधी हसू आलं आणि मग एकदम रडूच. पाव छातीशी धरून ती कट्ट्याला टेकून रडली. पाच महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं. सगळ्यात जास्त हे लागलं, की तो काही बोलला नव्हता. तिथल्या तिथे तोंडावर पाडता आलं असतं. दुसऱ्या कुणी पाडलंच असतं. त्याने गुपचूप भांडं उचललं, आणि परत येऊन तिला सूप वाढलं.

*

पाव घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. डोळे लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुम्हाला कळलं."

"हो."

"मघाशी?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग कधी?"

"तापातून उठलीस. तिसऱ्या दिवशी दूध करपलं. तू शेगडीपाशीच बसली होतीस, भाजी निवडत."

"आणि बोलला नाहीत?"

"तू सांगशील म्हटलं."

"पाच महिने?"

"नऊ माणसं असतात टेबलावर," तो म्हणाला. "कुठे सांगशील? म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांना घालवावं. दोघंच बसावं." मग थोडं थांबून, "फुलं त्यासाठी नव्हती हां. तुला पकडायला नव्हती आणली. दुकानात दिसली. दोघांसाठी टेबल मांडतात तर फूल असावं, एवढंच. तू दारात बोललीस, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं."

"तुम्हाला कशाला? मला व्हायला हवं होतं!"

तिने पाव मोडला. घुम्या एका दमात इतकं बोलला याचं दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने सणासारखं कौतुक केलं असतं. आज तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. दूध करपलं, तेव्हापासून याला ठाऊक. म्हणजे रोज भट्टीपाशी, आपण तिवईवर बसून आकडे मोजत होतो, तेव्हा कळेपाशी उभ्या माणसाला ठाऊक होतं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही कळ उशिरा ओढत होतात, ते..."

तो ताटलीत बघत राहिला.

"बोला ना!"

"तू घाबरून हात लवकर वर करतेस. करपायला नको म्हणून. कधी तीन श्वास आधी, कधी पाच. मग मी थांबायचो."

"तुम्हाला कसं कळायचं किती थांबायचं? तुम्हाला तर..." ती बोलता बोलता अडखळली. घुम्याला नाक नाही, हे या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. सासूबाईंनीच ते म्हणून ठेवलं होतं, म्हणून तर मोठा मुलगा असून तो कळेवर.

"सव्वीस वर्षं तुझ्या शेजारी उभा आहे," तो म्हणाला. "रोज तू हात वर करायचीस आणि त्या वेळी मला एक वास यायचा. हळूहळू कळलं, तू कशाला हात वर करतेस. मी शिकलो नाही. तुझ्यामुळे झालं ते."

धाकटीसमोर तिने त्याला म्हातारा म्हटलं होतं. आज सकाळी हमालासमोर म्हणाली होती, "झोपलात का?" आणि तो खाली मान घालून उभा राहिला होता, पाच श्वास मोजत, तिची चूक आपल्या अंगावर घेत. तिने टेबलावरचा त्याचा हात धरला. कळ ओढून ओढून तळव्याला घट्टा पडलेला तो हात, आणि तिने तो घट्टा गालाला लावला.

"मी फार वाईट बोलले हो तुम्हाला."

"बोलायचीस तेव्हा बरं वाटायचं. म्हटलं, हिला अजून शंका नाही."

"इतकं सोसायचं? मला खूप आवडता तुम्ही," ती म्हणाली आणि हे वाक्य आपण लग्नानंतर पहिल्यांदाच नीट उच्चारतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं. घुम्या कानापर्यंत लाल झाला. त्याने पावाला लोणी लावायला घेतलं आणि लावतच राहिला.

"उद्याचं काय?" शेवटी तिने विचारलं. "तुम्ही बसता तिवईवर?"

"मला सात पेले जमायचे नाहीत. मला तो एकच वास येतो." लोणी लावलेला पाव त्याने तिला दिला. "कुणाला जमेल ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. एकदा पुडे बांधता बांधता धाकटी, हात न थांबवता, म्हणाली होती, "ताई, कालच्या तिसऱ्या घाण्यात एक पोतं ओलं होतं ना?" आणि ते खरं होतं, थोरलीलाही उशिरा कळलेलं. दुसऱ्या दिवसापासून थोरलीने धाकटीची जागा भट्टीपासून हलवून पार पुढच्या काउंटरवर नेली होती. "गिऱ्हाइकांशी तू गोड बोलतेस," असं कारण दिलं होतं. कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तिने फोन उचलला. घुम्या म्हणाला, "मी सांगू आईला?"

"नको. तुमचा आजचा कोटा संपला."

*

फोन धाकटीनेच घेतला. मागे पोरांचा कालवा आणि वन्संचा आवाज.

"काय मग, राजा-राणी! भाऊजी बोलले का काही, की त्यांच्या वतीने मीच बोलू?"

"धाकटे, ऐक. उद्या पहिल्या गाडीने ये. आल्यावर हाताला साबण लावू नकोस, काही खाऊ नकोस, थेट खाली ये. तिवईवर तू बसायचंस."

मग धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं भांडण झालं का?"

"नाही गं. माझं नाक गेलंय. पाच महिने झाले. सात पेले तुलाच ओळखायचे आहेत, आणि तू ओळखशील. मला तेव्हाच कळलं होतं, ओल्या पोत्याच्या दिवशी. म्हणून तर तुला काउंटरवर ढकललं मी."

"ते मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "पण नाकाचं नव्हतं माहीत. अगं ताई, एकटीने कशाला... मी येते. पहिल्या गाडीने येते. तू माझ्याशेजारी उभी राहशील ना? मला भीती वाटेल."

"राहीन. आता आईंना दे फोन."

थोरलीने डोळे मिटले. सासूबाईंना तिने सगळं सांगितलं, डॉक्टरपासून कापडाच्या फुलांपर्यंत. बोलणी खायची तयारी होती.

"तिवई मी तुला कधी दिली?" सासूबाईंनी विचारलं.

"लग्नाला वर्ष व्हायच्या आत."

"पोटची लेक सोडून. ती चार वर्षं माझ्याशी बोलली नाही. का दिली असेल?"

"तुम्हाला माझं नाक आवडलं म्हणून."

"ते होतंच चांगलं. पण मी पन्नाशीची होते गं, अजून वीस वर्षं बसले असते." सासूबाई थांबल्या. "लेकीने महिनाभरात ओळखलं असतं. तू नवी सून, तू मला काय विचारणार होतीस?"

थोरलीची नजर समोरच्या फोटोवर गेली. सासरे, सासूबाई, मधे फुलदाणी. ताज्या फुलांनी भरलेली. सव्वीस वर्षं ती फुलदाणी पुसत होती, आणि या घरात फुलं चालत नाहीत हे एकदाही तिच्या मनात आडवं आलं नव्हतं.

"आई... फुलांचा नियम?"

"हे रोज फुलं आणायचे. रोज विचारायचे, कसा वास आहे? मी काय सांगू? म्हणून फुलंच बंद केली. अत्तर बंद केलं, साबण बंद केला. नाक जपायचं, असं मी म्हणाले, सगळ्यांना पटलं."

"बाबांना सांगितलं नाहीत कधी?"

"नाही." सासूबाई म्हणाल्या. "ते गेले तरी नाही. त्याचं फार वाटतं." मग सासूबाईंनी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवलात का दोघं?"

"जेवतोय."

"त्याने केलंय?"

"हो."

"मीठ बघून घाल. सुपात विसरतो तो. गोदामातलं दुसरं सूप मीच चाखलं होतं." आणि फोन ठेवला.

थोरली परत येऊन बसली. घुम्याने काही विचारलं नाही, पण खुर्ची थोडी जवळ ओढली. तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी फुलदाणीपर्यंत. तो बराच वेळ बापाच्या फोटोकडे बघत राहिला. बाहेरचा उजेड आता उतरला होता आणि मेणबत्ती कामाला आली होती. मग ती उठली, आतून ते काचेचं भांडं घेऊन आली आणि दोन ताटल्यांच्या मधे, होतं तिथे, ठेवलं.

"ही राहू देत," ती म्हणाली. "पण उद्या खरी आणा."

"तुला वास यायचा नाही."

"तुम्हाला येईल ना. मी विचारीन, तुम्ही सांगा."

घुम्याने फुलांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. रोज सांगायचं म्हणजे रोज बोलायचं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"बरं," तो म्हणाला.